पाण्याची रेघ

नायेली, आधी बघायला शीक.
दिवा लाव, दार अर्धं सरकव, मान तिरकी कर.
समोरून काच नेहमी खोटं बोलते.
बाजूनं बघितलीस की कबूल होते सगळं:
खाली गुडघ्यापर्यंत दाट,
वर खांद्याच्या उंचीला विरळ,
आणि मध्येच एक लांबट स्वच्छ जागा,
जिथं कुणीतरी दमून टेकून उभं राहिलं.

हा साबण नव्हे. साबण गरम पाण्यानं जातो.
हा चुना.
टूसॉनचं पाणी रोज थोडा थोडा लावतं काचेला,
जसा मॅनेजर आपल्याला लावतो
पंधराव्या खोलीनंतरच्या तासांचा.

व्हिनेगर कोमट कर. उकळू नकोस, डोळ्यांना धार लागते.
जुन्या टॉवेलचे तुकडे त्यात बुडव, काचेवर चिकटव,
तोवर पलंग आवरून घे.
तारेची घासणी तुझ्या हातात दिसली
तर मी तुला तिथल्या तिथं घरी पाठवीन.
एक ओरखडा पाडलास
की पुढच्या चुन्याला पाट मांडून दिलास.

एकशे चौदामध्ये मात्र यातलं काही न्यायचं नाही.
डेल्बर्ट यान्सी. सहा वर्षं, महिन्याच्या भाड्यावर.
अंघोळ झाली की रबराची पट्टी स्वतः घेतो,
वरून खाली, मग शेजारी,
आधीच्या पट्ट्यावर बोटभर चढवून, जशी कौलं लावतात.
थेंब सुकायच्या आत, म्हणतो. सुकला की दगड.
त्याला कळणारच.
तरुणपणी कालवा खणलाय त्यानं,
कोलोरॅडो नदी वाळवंटातून इथवर आणली,
तीनशे मैलांच्या वर.
एकदा शेजारच्या खोलीत मी घासत होते,
तर आत येऊन काचेवर नख टेकवलं:
हे पांढरं आहे ना, हे डोंगर आहेत.
नदीनं कापले, आम्ही वाहून आणले, तू पुसतेस.
मला काही सुचलं नाही.
एका बाथरूमला वीस मिनिटं मिळतात,
डोंगर धरून.

मग मार्चमधला तो मंगळवार.
एकशे चौदाच्या काचेवर थेंब होते.
सुकलेले.
बुधवारी त्यांच्यावर दुसरे.
गुरुवारी आतून साखळी.
मी दार नुसतं ठोठावलं नाही, बडवलं,
आणि बडवता बडवता मनात
त्याच्या मुलीचं नाव आठवू लागले,
ती कुठल्या गावी असते तेही.
साखळी निघाली.
उजव्या हाताला प्लास्टर, त्यावर किराणाची पिशवी,
पिशवीला टेप.
पार्किंगच्या पायरीवर पडलो, म्हणाला,
आणि माझ्याकडे नाही, बाथरूमकडे बघत:
माफ कर, डाव्या हातानं जमत नाही.

मी पुसलं. तो उंबऱ्यात उभा राहून
कोपरे दाखवत होता, मुकादमच तो.
एक ठिपका उरला, बिजागरीपाशी,
त्याच्याही आधीच्या कुणाचा.
व्हिनेगर लावलं, सोडा लावला, थोडं वाईटही बोलले.
नाही गेला.
काही डाग डाग नसतात, नायेली.
पाण्यानं तेवढी काच खाल्लेली असते.
बोटांनी चाचपून बघ, खरखर लागली तर सोडून दे.
मनगटं आपल्याला दोनच आहेत.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
म्हणणाऱ्यानं इथं येऊन एक दार घासावं.

माझ्या घरी? माझ्या घरी प्लास्टिकचा पडदा.
काळा पडला की फेकायचा, दुसरा आणायचा.
हसू नकोस.

प्लास्टर निघालं, पण हात पहिल्यासारखा वळत नाही.
आता तो डाव्यानं पट्टी फिरवतो.
एकशे चौदाच्या काचेवर तुला रेघा दिसतील,
वाकड्या, मध्येच तुटलेल्या,
शाळेतल्या पोरानं ओढल्यासारख्या.
त्या पुसायच्या नाहीत.
मॅनेजरनं विचारलं तर माझं नाव सांग.

चल, टॉवेल काढ.
भिजलं असेल एव्हाना.